कापलेले पैसे : प्रकार, लक्षणे व उपाय

बचत खात्यातून बँक जे चार्जेस कापते, त्यांचे दोन प्रकार आहेत : परत मिळणारे आणि न मिळणारे. कापल्याचे कळलेच नाही, असा तिसराही प्रकार आहे आणि खातेदारांचा स्वभाव पाहता तोच सर्वांत मोठा असावा. चार्ज परत मागण्यास तीन कारणे पुरतात. तो रिझर्व्ह बँकेच्या नियमाविरुद्ध कापलेला असावा, बँकेच्या स्वतःच्या दरपत्रकाविरुद्ध कापलेला असावा, किंवा ज्या सेवेसाठी कापला ती खातेदाराने मागितलेलीच नसावी. खातेदाराला आलेला राग हे चौथे कारण धरले जात नाही. पुढील विवेचनात उदाहरणादाखल एकच खातेदार घेतला आहे. तो मध्यमवयीन आहे, मासिकांतून लिहितो आणि आपण हिशेबाला पक्के असल्याचे चारचौघांत सांगतो.

चार्ज कापला गेल्याची लक्षणे पासबुकात दिसतात. पासबुक छापण्याचे काम आता बहुतेक शाखांत यंत्र करते. यंत्राला बारकोड लागतो, बारकोडला सपाट पान लागते आणि पान सपाट राहण्यासाठी पासबुक पँटच्या मागच्या खिशात ठेवायचे नसते, हे मागच्या खिशात ठेवणाऱ्याला रांगेत नंबर आल्यावर कळते. छापून आलेल्या ओळीत ‘मिन बॅल सीएचजी’, ‘सीएचक्यू आरटीएन’ असली अक्षरे असतात. नोंदी खातेदाराला समजतील अशा असाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २२ जून २०१७ रोजी बँकांना कळवले. सदर खातेदाराने ‘सीएचजी’ हे एखाद्या सरकारी योजनेचे नाव समजून दोन वर्षे अभिमानाने सोसले.

पासबुकाची जुनी जात हाताने लिहिलेली असे. कारकुनाचे अक्षर, निळी शाई, व्याजाच्या ओळीखाली आडवी रेघ. खातेदाराच्या घरी त्याच्या वडिलांची अशी सात पासबुके दोऱ्याने बांधून ठेवलेली आहेत. त्यांत प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीने बरोबरची बारीक खूण आहे. बेरीज समासात आहे, तीही पेन्सिलीनेच. पेन का नाही, असे खातेदाराने लहानपणी विचारले होते. चूक आपली निघाली तर खोडता यायला हवी, असे उत्तर मिळाले होते. सात पासबुकांत मिळून एकच प्रश्नचिन्ह आहे, पाच रुपयांच्या एका वजावटीपुढे. त्या पाच रुपयांबद्दल वडिलांनी काउंटरवर विचारले की भिडेखातर तसेच परत आले, हे आता कळण्यास मार्ग नाही. ते प्रश्नचिन्ह मात्र खोडलेले नाही. हा मजकूर विषयाला सोडून आहे. तरी पासबुक तपासावे, एवढा बोध त्यातून घेण्यास हरकत नाही.

वजावटींत मुख्य म्हणजे किमान शिल्लक न ठेवल्याचा दंड. त्याचे नियम रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी काढले आणि १ एप्रिल २०१५ पासून लागू केले. शिल्लक कमी पडल्याचे बँकेने आधी मेसेज, ईमेल किंवा पत्राने कळवावे लागते. भरपाईसाठी एक महिना द्यावा लागतो. दंड सरसकट नव्हे, तर जेवढी तूट असेल तिच्या प्रमाणात आकारावा लागतो. शिवाय केवळ या दंडामुळे खाते उणे शिलकीत जाता कामा नये. समजा, किमान शिल्लक १०,००० रुपये आहे, खात्यात ९,४०० आहेत आणि बँकेचा दर तुटीच्या सहा टक्के आहे. तर दंड ३६ रुपये होतो. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तरी ४२ रुपये ४८ पैसे. सदर खातेदाराचे एवढ्याच तुटीपायी सरसकट ५०० आणि वर ९० रुपये जीएसटी, असे ५९० रुपये गेले. पूर्वसूचनेचा मुद्दा त्याला मांडता आला नाही, कारण बँकेचे मेसेज तो न वाचता पुसतो. हिशेबाला पक्की माणसे मेसेज वाचत बसत नाहीत.

मूलभूत बचत खात्याला किमान शिलकीची अटच नाही. दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्यातून हा दंड कापता येत नाही आणि असे खाते पुन्हा सुरू करण्याचेही पैसे घेता येत नाहीत. याबाबतच्या एकत्रित सूचना १ एप्रिल २०२४ पासून लागू झाल्या. नियम स्पष्ट आहेत, पण ते ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यापर्यंत पोचलेले नसतात. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले हप्ते जमा झाले, तेव्हा काही बँकांनी जुन्या येण्यापोटी त्यातून पैसे वळते केल्याच्या तक्रारी आल्या आणि तसे करू नका, असे राज्य सरकारला बँकांना सांगावे लागले. ५९० रुपयांवर एखाद्याला लेख लिहिता येतो. ज्या बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात, तिचा तेवढ्यात किराणा जातो, आणि ‘सीएचजी’ म्हणजे काय हे विचारायला ती अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून येते.

एटीएमचे नियम तुलनेने उदार आहेत. यंत्रात नोटा नसल्या, यंत्र बिघडले किंवा पिन चुकला, तर तो व्यवहार मोफत व्यवहारांच्या मोजणीत धरता येत नाही. तो धरून चार्ज कापला असल्यास परत मागावा. खात्यातून रक्कम गेली आणि हातात नोटा आल्या नाहीत, तर बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत पैसे आपणहून परत करावयाचे असतात. पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये, तेही न मागता, द्यावयाचे असतात. हे कळल्यापासून सदर खातेदार एटीएमपुढे नोटा अडकण्याची वाट पाहत उभा राहतो. अद्याप एकही अडकलेली नाही.

चेक परत गेल्याचा चार्ज, दोष खातेदाराचा असेल तरच लागतो. येथे उदाहरण थोडे अडचणीचे होते. खात्यात पैसे असूनही सदर खातेदाराचा चेक सही जुळत नसल्याने परत गेला आणि १७७ रुपये कापले गेले. खाते उघडताना त्याची सही दोन अक्षरांची होती. पुढे पुस्तक निघाले, प्रतींवर सह्या देण्याचे चार-पाच प्रसंग आले आणि सहीला वेलांटीचा फुलोरा, खाली रेघ व रेघेखाली दोन टिंबे फुटली. हा दोष बँकेचा ठरत नाही. कपाटात पडून असलेल्या डेबिट कार्डाची वार्षिक फीही परत मिळत नाही. कार्ड रीतसर बंद करावे लागते. न विचारता गळ्यात मारलेल्या विम्याचा हप्ता मात्र, तो अपघात विम्याचा २० रुपयांचा का असेना, संमतीचा पुरावा विचारून परत मागता येतो. चार्ज परत येताना त्यावरचा जीएसटीही यायला हवा.

पद्धत अशी. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यास फी नाही, वकील लागत नाही, आणि मनस्तापापोटी भरपाईचीही तरतूद आहे; २०२१ च्या एकात्मिक योजनेत ती एक लाख रुपयांपर्यंत होती. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. अर्ज थोडक्यात असावा. सदर खातेदाराने चार पानी अर्ज लिहिला. त्यात सावकारशाहीचा इतिहास होता, दोन उपमा होत्या, एक चांगला शेवट होता. काउंटरवरच्या मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला आणि विचारले, “खाते नंबर कुठे लिहिलाय, सर?”

५९० पैकी ५४७ रुपये ५२ पैसे तेराव्या दिवशी जमा झाले. ४२ रुपये ४८ पैसे खातेदाराचे स्वतःचे होते. १७७ मिळाले नाहीत. मॅडमनी नव्या नमुना सहीसाठी कार्ड पुढे केले, तेव्हा पहिली सही चौकटीबाहेर गेली. दुसरी मावली. ती दोन अक्षरांची आहे.