सावली तेवढी राहू दे

ओवाळणीचे, वाढदिवसाचे आणि एका उन्हाळी इंटर्नशिपचे पैसे साठवायचे; लॅमिंग्टन रोडवर दुकानामागून दुकान पालथं घालून घासाघीस करायची; पंचवटी एक्स्प्रेसमध्ये खोकं मांडीवरून खाली न ठेवता नाशिकरोडपर्यंत आणायचं; आणि ते ग्राफिक्स कार्ड बसवल्याच्या पहिल्याच संध्याकाळी गेममध्ये जेवढं म्हणून देखणं आहे तेवढं एकेक करून बंद करायचं. हा प्रकार ज्यांच्या घरात घडलेला नाही त्यांना तो खरा वाटणार नाही. सिडकोत ताईच्या घरी तो माझ्यासमोर घडला.

दाजींची उभी हयात सातपूरच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात गेली. पेराएवढ्या पार्टवर केसाएवढा चरा दिसला तर अख्खा लॉट परत पाठवणारा माणूस. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्या चिरंजीवांनी ज्या ज्या ओळीत ‘क्वालिटी’ किंवा ‘डिटेल’ असं लिहिलेलं होतं, ती ती ओळ ‘लो’वर नेऊन ठेवली. दाजी खुर्चीची पाठ धरून मागे उभे होते. शेवटी त्यांना राहवेना.

“मग कार्ड कशाला आणलंस रे?”

“फ्रेम्ससाठी, पप्पा.”

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मामा. बापलेकांतल्या तहाची कलमं लिहिण्याचं काम आमच्याकडे मामाकडेच असतं.

पडद्यावर काही हलत नसतं, स्थिर चित्रं, म्हणजेच फ्रेमा, भराभर बदलत असतात, एवढं तर सगळ्यांना माहीत आहे. साध्या मॉनिटरवर सेकंदाला ६० चित्रं उमटतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंद येतात. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तर पुरते सातही येत नाहीत. तेवढ्यात पीसीनं भिंत काढायची, भिंतीचा उडालेला पोपडा काढायचा, झाड, झाडाची पानं, पानांची सावली, बंदुकीच्या नळीवरची चमक काढायची, आणि जमलं तर कोपऱ्यातून डोकावणारा शत्रूही काढायचा. पोपड्यात वेळ गेला की शत्रू उशिरा दिसतो. आपण तो मघाशी होता तिथे गोळी झाडतो आणि तो आपण आत्ता आहोत तिथे झाडतो.

गेम म्हणजे काउंटर-स्ट्राइक. १९९९ साली दोन हौशी पोरांनी ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्याच गेमवर कलम करून तो बनवला, आणि पुढे देशभरातल्या सायबर कॅफेंतून एका पिढीनं तासाच्या भाड्यानं तो खेळला. त्या पिढीला ‘लो’ निवडावं लागत नसे, तेवढंच असे. २०२३च्या सप्टेंबरात त्याची नवी आवृत्ती, काउंटर-स्ट्राइक २, आली आणि जुना गेम तिच्यात विसर्जित झाला. धूर खराखुरा पसरायला लागला, ऊन उन्हासारखं पडायला लागलं आणि भाच्याच्या जुन्या पीसीला धाप लागली. कार्ड आलं ते त्यामुळे. म्हणजे ज्या ऊन-धुरापायी कार्ड घ्यावं लागलं, कार्ड आल्यावर पहिली कुऱ्हाड त्याच ऊन-धुरावर. दाजींचा प्रश्न तसा चुकीचा नव्हता.

फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८०, चित्रागणिक २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. या गेमचे कितीतरी व्यावसायिक खेळाडू, ज्यांना महागातली महाग यंत्रं फुकट मिळतात, ते आजही १२८० गुणिले ९६० वर खेळतात. ठिपके १२ लाख २८ हजार ८००. चौकोनी चित्र ओढून रुंद पडद्यावर बसवलं की माणसं आडवी सुटतात. भाच्यानंही तसंच केलं.

“सगळ्यांची पोटं सुटलीत,” दाजी म्हणाले.

“नेम धरायला बरं पडतं.”

आता एकेक शोभा बघू. धावताना चित्र मुद्दाम पुसट करणारं मोशन ब्लर ज्या गेममध्ये असतं तिथून ते सर्वांत आधी जातं, आणि गेलेलं बरं. अँटी-एलियासिंग म्हणजे तिरप्या रेषांच्या पायऱ्या घासून गुळगुळीत करणं. कार्डात दम असेल तर थोडं ठेवावं, लांबचं डोकं ओळखायला मदत होते. व्ही-सिंक मॉनिटर मोकळा होईपर्यंत चित्राला दारात उभं करतं. त्यानं चित्र मधून फाटत नाही, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर हलेपर्यंत जो काळ जातो तो वाढतो. नेमबाजाला फाटकं चित्र चालतं, उशिराचं चालत नाही. टेक्श्चरची गंमत वेगळी आहे. ते कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत बसतं, आणि मेमरी पुरेशी असेल तर ‘लो’ करून फारसं काही हाती लागत नाही. तरी पोरं करतात, शास्त्र म्हणून. नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये ज्या नोटा छापतात त्यांवर भिंगाशिवाय वाचता येऊ नयेत इतकी बारीक अक्षरं असतात. त्या गावच्या पोरानं टेक्श्चर ‘लो’वर ठेवावं हा थोडा ग्रामदेवतेचाच अपमान आहे.

हे वैराग्य जुनं आहे. १९९९ साली ‘क्वेक ३’ आला तेव्हा त्यातले तरबेज खेळाडू एक आज्ञा टाइप करून भिंतींवरची सगळी नक्षी उडवून टाकत. कलाकारांनी विटेवर वीट रचून उभारलेले गॉथिक वाडे म्हणजे मग नुसते सपाट रंगीत पट्टे, आणि त्यावर शत्रू टळटळीत दिसे. त्याच गेममध्ये सेकंदाला बरोबर १२५ फ्रेमा ठेवल्या तर उडी जास्त उंच जात असे. हिशेबातल्या पूर्णांकाच्या गोंधळामुळे. पोरांनी तो गोंधळ हेरला आणि सगळे १२५वर आले. पबजीत याच्या उलट फजिती. आपण गवतात पालथे पडून, श्वास रोखून, स्वतःला अदृश्य समजत असतो. पण लांबचं गवत यंत्र काढतच नाही, त्यामुळे पलीकडच्या टेकडीवरच्याला आपण उघड्या माळावर झोपलेले दिसतो.

गेम अडखळला की घरात पहिला संशय ताईवर. ती आतल्या खोलीत मोबाइलवर मालिका बघत असते आणि बाहेरून हाक येते, “आई, नेट बंद कर ना!” तिनं एक-दोनदा केलंही बिचारीनं. नंतर तिला कळलं की फरक पडत नाही, तेव्हापासून ती “केलं” म्हणते आणि पुढचा भाग लावते. चूक तिची नव्हती. फ्रेमा घरातला पीसी काढतो. पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, ही नेटची भानगड. मुंबईत सर्व्हर आहेत. नाशिकहून तिथपर्यंतचं अंतर कापायला काचेच्या तारेतून जाणाऱ्या प्रकाशाला एक मिलिसेकंदही पुरून उरतं, बाकीचा वेळ वाटेतल्या नाक्यानाक्यांवर जातो. त्यात लो-हाय करून काही होत नाही, वायफाय सोडून केबल लावली तर थोडंफार होतं.

मग मे महिना आला. नाशिकची हवा थंड असते असं जे आपण पाहुण्यांना सांगतो ते मे महिन्यात सांगत नाही. भाच्याचा गेम पहिली दहा मिनिटं छान चालायचा आणि मग ढेपाळायचा. भाच्यानं होतं नव्हतं तेही ‘लो’ केलं. त्याच्या एका मित्रानं लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं ठेवली होती आणि शेजारी टेबलफॅन. तसं काही पीसीला करता येईल का याची चर्चा झाली. दाजींनी चर्चा ऐकली, चष्मा लावला आणि कॅबिनेटचं झाकण उघडलं.

पुढच्या जाळीला आतून धुळीची करड्या रंगाची पातळ गादी बसली होती, नखानं धरून उचलली तर अखंड सुटून यावी इतकी विणलेली. कुलरच्या पंख्याच्या प्रत्येक पात्याच्या कडेला तीच धूळ, वर स्वयंपाकघराची तेलकट वाफ. प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचला की जीव वाचवायला आपला वेग आपणच उतरवतो, हे भाच्याला पाठ होतं. ते या गादीशी त्यानं जोडलं नव्हतं. दाजींनी भिंतीला रंग द्यायचा जुना ब्रश आणला. पातं बोटानं अडवून धरलं, कारण पंखा गरगरला तर बेअरिंग जातं, आणि शिरीवरून शिरीकडे, पार्ट साफ करावा तसं साफ केलं. झाकण लागलं, गेम लागला, आणि कुठलीही ओळ ‘लो’ न करता फ्रेमा वर आल्या. भाचा काही बोलला नाही. दाजीही नाही, पण ते बराच वेळ तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चेकशीट आखली. वही, पट्टी, लाल पेन. वेळ, तापमान, सरासरी फ्रेमा, किमान फ्रेमा. भाचा हसत होता ते दोन दिवस. तिसऱ्या दिवशी दाजींनी वही त्याच्यापुढे ठेवली. सरासरी १४० होती, मात्र धूर आणि गोळीबार एकदम सुरू झाला की आकडा चाळिशीत उतरत होता.

“सरासरी गिऱ्हाइकाला दाखवायला असते,” दाजी म्हणाले. “रिजेक्शन सगळ्यांत वाईट पीसवरून होतं.”

हे वाक्य भाच्याच्या टीममध्ये आता जरा फिरतंय असं ऐकतो. त्या मंडळींचीही याच्यासाठी मोजणी आहे, ‘वन पर्सेंट लो’ नावाची; शंभरातल्या सर्वांत रखडलेल्या एका फ्रेमेचा हिशेब. मला त्यात नवीन काय असं दाजी विचारतात. मग कार्डाला फ्रेम कॅपची वेसण घातली, १२०च्या वर पळायचंच नाही. सरासरी घटली, पण आकडा डोलायचा थांबला, आणि हाताला तो फरक डोळ्याच्या आधी कळला.

नाशिककरांना खरं तर या हाताचं अप्रूप वाटायला नको. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, कुंडीत वाटाणा पेरला आणि महिन्याहून अधिक काळ कॅमेरा त्याच्यासमोर ठेवून, थोडं थोडं टिपून, मिनिटभरात अंकुराचा वेल होताना दाखवला. फ्रेमा हव्या तशा खर्च करता येतात हे या देशात कोणी पहिल्यानं इतकं ओळखलं असेल तर त्यांनी. पैसा लावणाऱ्याला तो वाटाणा पटला. मग १९१३च्या ३ मेला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, आणि त्यानंतर फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवलं. त्या चित्रपटाचा कॅमेरा चालवला त्र्यंबकेश्वरच्याच एका जुन्या स्नेह्यानं, त्र्यंबक तेलंगांनी. फाळक्यांनी त्यांना तो हाताला धरून शिकवला. कॅमेऱ्याला मोटर नव्हती, दांडा होता. तेव्हाच्या बहुतेक कॅमेऱ्यांत दांड्याच्या एका फेरीला आठ फ्रेमा सरकत. सेकंदाला दोन फेऱ्या, सोळा फ्रेमा. हात मंदावला की पडद्यावर राजा सत्य सोडून धावत सुटणार. सोळा म्हणजे आजच्या पोरांच्या लेखी गेम हँग झालेला आहे. पण ते सोळा सारखे येत, कारण फ्रेम कॅप तेलंगांच्या मनगटात होती.

दरम्यान, झाकणवाल्या मित्राची आणखी एक कथा बाहेर आली. त्यानं दिवाळीत १४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला होता आणि “लोण्यासारखं चालतंय” असं सगळ्यांना सांगत होता. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तो आल्यापासून ६०वरच होता. दुरुस्त केल्यावर तो म्हणाला की त्याला आधीच काहीतरी कमी वाटत होतं.

पण टीममधल्या ज्येष्ठ खेळाडूनं, ज्येष्ठ म्हणजे बावीस वर्षांच्या, येऊन भाच्याच्या सेटिंगवर नजर टाकली आणि पहिल्याच ओळीला कपाळावर हात मारला. “येडा आहेस का? सावली का मारली? बाकी काय मारायचं ते मार, सावली तेवढी राहू दे.” या नव्या गेममध्ये दाराआड उभ्या असलेल्या माणसाची सावली त्याच्या आधी बाहेर येते. सगळी शोभा काढून टाकल्यावर जी एक ठेवली ती शोभेसाठी नव्हेच. मला मात्र या मंडळींची रसिकता तिथे पटली. आम्ही चित्र बघून ‘छान आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. ह्यांनी त्या चित्रातल्या प्रत्येक गोष्टीला, तू मला काय सांगतेस, असं विचारून मग तिला घरात ठेवलं आहे किंवा घराबाहेर काढलं आहे. सावलीला उत्तर देता आलं. पोपड्याला नाही.

तरीही पोपडा कोणीतरी जीव ओतून काढलेला असतो, हे दाजींच्या मनातून जाईना. रविवारी मिसळ झाल्यावर त्यांनी फर्मावलं, “एकदा सगळं हायवर टाकून दाखव.” भाच्यानं कुरकुरत टाकलं. इन्फर्नो नावाचा नकाशा, इटलीतलं जुनं गाव. ऑफलाइन, समोर नुसते बॉट. दगडी घरं, कमानी, कौलांवर तिरपं ऊन, आणि गल्लीतून आपल्याच नादात हिंडणाऱ्या कोंबड्या. कोंबड्या याच्या आधीही तिथेच होत्या, पण भाच्याच्या नजरेतून त्या केव्हाच्या ‘लो’ झालेल्या. आकडा चाळीसवर आला. दाजींनी माउस हातात घेतला आणि बंदूक तशीच पुढे धरून गाव बघत निघाले. प्लॅस्टरचा पापुद्रा जवळून पाहिला, फिनिश चांगलं आहे म्हणाले. एका कोंबडीच्या मागे मागे कमानीखाली गेले.

“पप्पा, डावीकडे! सावली बघा, सावली—”

पडदा आडवा झाला. कोंबडी चालत निघून गेली.

दाजींनी माउस खाली ठेवला, चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“फ्रेम्स कमी पडल्या,” ते म्हणाले.