कालच्या मालिकेचा आजचा निकाल

सिनेमाच्या परीक्षणाचा एक रोकडा उपयोग असतो. तिकिटाचे पैसे वाचतात, किंवा कुणाच्या सांगण्यावरून ते बुडाले हे तरी कळतं. नाटकाचं परीक्षण वाचून माणूस पुढचा प्रयोग गाठतो नाहीतर टाळतो. टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं परीक्षण मात्र कित्येक वर्षं तो कार्यक्रम लागून गेल्यावर छापून यायचं. ज्यांनी पाहिला त्यांचं मत झोपण्यापूर्वीच झालेलं, आणि ज्यांचा हुकला त्यांना तो आता दिसणार नाही. पंगत उठून भांडीसुद्धा घासून झाल्यावर कुणीतरी येऊन ‘आमटीत मीठ जरा जास्तच होतं’ असं सांगावं, तसला हा प्रकार.

तरी लोक ते वाचायचे. नुसते वाचायचे नाहीत, वाट बघायचे. क्लाइव्ह जेम्स नावाचा एक ऑस्ट्रेलियन गृहस्थ १९७२ ते १९८२ अशी दहा वर्षं लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ या रविवारच्या पेपरात टीव्हीवर लिहीत होता. त्या लेखांची पुढे तीन पुस्तकं निघाली. त्यातलं पहिलं, १९७७ सालचं ‘व्हिजन्स बिफोर मिडनाइट’, मला फोर्टातल्या फुटपाथवर एका स्वयंपाकाच्या पुस्तकाखाली सापडलं. त्यातला जवळजवळ एकही कार्यक्रम मी पाहिलेला नाही. पाहणार कुठून? जेम्सने लिहायला सुरुवात केली त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन सुरू झालं. तिकडे बीबीसी टॉलस्टॉयचं ‘वॉर अँड पीस’ वीस भागांत दाखवत होती, त्यात तरुण अँथनी हॉपकिन्स पिएर झाला होता, आणि इकडे गल्लीत ज्याच्याकडे टीव्ही आहे त्याच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडायला अजून अवकाश होता.

न पाहिलेल्या कार्यक्रमांचे निकाल वाचण्यात एक निर्मळ सुख आहे, हे मला त्या पुस्तकाने शिकवलं. पक्ष घ्यावा लागत नाही. आपला आवडता नट सोलून निघतोय म्हणून जीव कासावीस होत नाही. उरतो तो फक्त लिहिणारा, आणि त्याचं एकट्याचं बोलणं ऐकावंसं वाटलं तर तो खरा. जेम्स मोठमोठ्या नाटकांबद्दल लिहायचा तितक्याच तब्येतीने खेळांच्या समालोचकांबद्दल आणि बातम्या देणाऱ्यांबद्दल लिहायचा. अमेरिकन ‘डॅलस’मधल्या तेलवाल्या घराण्याच्या भानगडी तो ज्या आस्थेने मांडायचा, ती आस्था त्या मालिकेच्या लेखकांना तरी होती की नाही कोण जाणे. मला यात त्याची सगळ्यात मोठी हुशारी दिसते. भिकार कार्यक्रमाला भिकार म्हणायला काहीच लागत नाही. तो आपण रोज न चुकता का बघतो, हे लाज न बाळगता सांगायला मात्र लेखक लागतो.

आणखी एक गंमत आहे, जराशी क्रूर. त्या काळी चित्रफिती महाग होत्या आणि ठेवायला जागा लागायची, म्हणून बीबीसी जुने कार्यक्रम पुसून त्याच फितींवर नवे चढवायची. पीटर कुक आणि डडली मूर यांच्या ‘नॉट ओन्ली... बट ऑल्सो’ या गाजलेल्या विनोदी कार्यक्रमाचा बराचसा भाग असाच गेला. ‘डॅड्स आर्मी’चे १९६९ मधले तीन भाग अजून मिळालेले नाहीत. म्हणजे कार्यक्रम नाही, पण पेपरच्या दफ्तरात त्याच्याबद्दलचं परीक्षण आहे. आरोपी बेपत्ता आणि निकालपत्र शाबूत. एखाद्या टीकाकाराने त्या रात्री अपचनामुळे जरा जास्तच कडक लिहिलं असेल, तर अपील करायचं कुठे?

अपिलाची सोय होती तिथे काय झालं, त्याचा नमुना म्हणजे ‘फॉल्टी टॉवर्स’. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनी लिहिलेली, टॉर्कीच्या एका हॉटेलात घडणारी ही मालिका. सगळे मिळून बाराच भाग, सहा १९७५ साली आणि सहा १९७९ साली. बीबीसीतल्याच एका संहिता वाचणाऱ्याने ती आधी हातात घेतली तेव्हा ठोकळेबाज पात्रांची मोट म्हणून नाक मुरडलं होतं. पहिल्यांदा लागली तेव्हा पेपरांतूनही सगळीकडे फुलं पडली नाहीत. एका पेपराने तर क्लीझच्या उंचीवर कोटी करून, माणूस लांब आहे पण विनोद तोकडे, अशा अर्थाचा मथळा दिला. पुढे २००० साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने जाणकारांची मतं घेऊन शंभर उत्तम ब्रिटिश कार्यक्रमांची यादी केली. तिच्यात पहिलं नाव ‘फॉल्टी टॉवर्स’चं!

मथळा देणाऱ्याला हसण्यात अर्थ नाही. विनोदी मालिकेचा पहिला भाग हा हसण्यासाठी नसतोच मुळी, ओळखीसाठी असतो. बेसिल फॉल्टी हा माणूस गिऱ्हाइकाला तुच्छ लेखतो, बड्यांपुढे लोटांगण घालतो आणि बायकोला टरकतो, एवढं एकदा अंगात मुरलं की मग तो नुसता दारातून आत आला तरी पोट दुखतं. पण परीक्षण पहिल्याच भागावर लिहायचं असतं. तेव्हा समोर दिसतो तो एक उंच, आरडाओरडा करणारा अनोळखी इसम.

गंभीर मालिकेचं उलटं. पाऊस, जुनं घर, अंधारात बसलेला बाप आणि खिडकीबाहेर बघणारी मुलगी एवढं जमवलं की टीकाकाराचा आवाज आपोआप खाली येतो. दुःखाच्या दारात कुणीही चपला काढूनच उभा राहतो. विनोदाला मात्र दर मिनिटाला ‘हसव बघू’ म्हणून उलटतपासणी. आणि कधी निकाल बरोबर असूनही त्याला कुणी विचारत नाही. ‘माइंड युअर लँग्वेज’मधले इंग्रजी शिकायला आलेले परदेशी लोक फारच साचेबंद आहेत, ही टीका रास्तच होती, मालिका बंदही झाली. पण १९९३ मध्ये पंकज कपूर ‘ज़बान संभाल के’ घेऊन आला, आणि त्याच वर्गात आपण आपल्याच प्रांताप्रांतांच्या उच्चारांना पोट धरून हसलो.

हे काम करणारी माणसं तरी कशी? डेनिस पॉटर ‘डेली हेरल्ड’मध्ये टीव्हीचा टीकाकार होता. सांध्यांच्या आणि त्वचेच्या चिवट आजाराने वार्ताहराची धावपळ जमेना, म्हणून तो पडद्यासमोर येऊन बसला. बसल्या बसल्या इतकं पाहिलं की शेवटी स्वतःच नाटकं लिहायला लागला, आणि ब्रिटिश टीव्हीचा थोर नाटककार झाला. नॅन्सी बँक्स-स्मिथ मात्र कुठे गेल्या नाहीत. १९६९ पासून त्या ‘गार्डियन’मध्ये लिहीत राहिल्या, राणीचा किताब आला तो नाकारला, आणि पुढे म्हातारपणी ‘द आर्चर्स’ या न संपणाऱ्या रेडिओमालिकेचा महिन्याचा गोषवारा लिहायच्या. न संपणाऱ्या गोष्टीवर न कंटाळता लिहायचं, ही सिद्धी मोठीच म्हणायची.

कारण खरी पंचाईत तिथेच आहे. अपुऱ्या गोष्टीवर मत कसं द्यायचं? अमेरिकेत अॅलन सेपिनवॉल न्यू जर्सीच्या ‘स्टार-लेजर’मध्ये ‘द सोप्रानोज’बद्दल भागाभागाने लिहायचा. योगायोग असा की मालिकेतला टोनी सोप्रानो झगा सावरत फाटकापर्यंत जाऊन जो पेपर उचलायचा, तो हाच. १० जून २००७ ला शेवटच्या भागात पडदा एकदम काळा झाला, आणि केबल गेली असं समजून लोक सेटवर थापा मारत बसले. निर्माता डेव्हिड चेस तेव्हा फ्रान्समध्ये होता. तो बोलला तो सेपिनवॉलशी, आणि अर्थ सांगायचं त्यालाही नाकारलं. इतकी वर्षं इमानाने लिहिल्याचं फळ काय, तर नकार पहिल्यांदा आपल्या कानावर!

आपल्याकडे हा प्रश्नच निकालात काढलेला आहे. आपण मालिकेचा निकाल टीआरपीवर सोपवला. आकडा येतो, क्रमांक लागतो, विषय संपतो. त्या आकड्यात एक वाक्य नसतं, एक कोटी नसते, बघणारा हसला की रिमोट सापडला नाही म्हणून बसून राहिला हेही नसतं. आता ‘चार दिवस सासूचे’ घ्या. चार दिवस म्हणता म्हणता ती २००१ पासून २०१३ पर्यंत चालली, तीन हजारांवर भाग झाले. पहिल्या आठवड्यात तिच्यावर कुणी परीक्षण लिहिलं असेल, तर ते आणि शेवटचा भाग यांच्यामध्ये एक मूल बालवाडीतून कॉलेजात पोचलं. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं बाळंतपण लांबलं, तेव्हा पेपरांच्या आधी लोकांनी मोबाइलवर निकाल दिला. ते विनोद मालिकेपेक्षा सरस होते, आणि त्यांवर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं.

नाव नसलेले टीकाकार घरोघर आहेत. माझी आत्या मालिका बघत नाही, ऐकते. पाठ टीव्हीकडे, हात मेथीच्या जुडीत. पार्श्वसंगीत तीनदा वाजलं की तीन चेहरे दाखवले हे तिला न वळता कळतं. एकदा नायिका जिन्यावरून पडून कोमात गेली. मी म्हटलं, “आत्या, वाचेल का गं?”

“न वाचायला काय झालंय? तिच्या नाटकाचा दौरा असेल. दौरा आटपला की डोळे उघडेल.”

नाटकाच्या जाहिराती पाहिल्या, तर बाईंचे प्रयोग सांगली, मिरज, कोल्हापूर असे ओळीने लागलेले होते. एवढ्या माहितीनिशी लिहिणारा टीकाकार कुठल्याही पेपरला परवडणार नाही.

विनोदी मालिकांवर ती फारशी खूश नसते. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मात्र कुठे जुना भाग लागला की मेथी बाजूला ठेवून टीव्हीकडे तोंड वळवते. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’वरून केलेली ती मालिका, त्यांनीच केलेले त्यातले आजोबा तिला तिच्या वडिलांसारखे वाटतात. परवा एक भाग बघून झाल्यावर म्हणाली, “इतकं चांगलं होतं, मग बंद का केलं रे?”

“चांगलं होतं तोवरच थांबवावं, असं वाटलं असेल त्यांना.”

“हो का?” तिने मेथी पुन्हा पुढ्यात ओढली. “मग त्या साडेसातवाल्यांना कळवा की कुणीतरी.”