कान पिळणारे काउंटरवर

पॅक-मॅन १९८० साली जपानमध्ये जन्मला. आमच्या एसटी स्टँडमागच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तो रुपयाला एक डाव मिळे. वडिलांनी पाहिलं तर कानपिळणी वर फुकट. तेच खोकं आता मॉलमध्ये ‘व्हिन्टेज’ झालंय. रुपया चालत नाही, कार्ड रिचार्ज करायचं.

शेजारी मिनी-गोल्फ. स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजमध्ये बायकांचा पटिंग क्लब १८६७ पासून आहे; तिथल्या उंचसखल हिरवळीचं नावच ‘हिमालय’. आमच्या वाट्याला प्लास्टिकची पवनचक्की आली. नऊ फटके मारले, चेंडू तिच्या पात्याला आपटून माझ्याच पायाशी. मागचं पोरगं म्हणालं, “काका, आटपा ना!”

वडिलांना हाक मारली. ते पलीकडे पॅक-मॅनला चिकटलेले. माझ्याच कार्डावर. “थांब रे,” म्हणाले, “हा डाव संपू दे.”