वाळका पाला : प्रवेशिका

पूर्वतयारी म्हणून स्वयंपाकघरातलं सगळ्यात वरचं कपाट उघडा. मागच्या बाजूला, बेसनाच्या डब्याआड, रबरबँड लावलेलं कसुरी मेथीचं पाकीट सापडेल. ते आपण आणलेलं नाही असं तुम्हाला वाटेल. घरातल्या प्रत्येकालाच तसं वाटतं. शेजारी पिझ्झाबरोबर आलेल्या ओरेगॅनोच्या पुड्या असतील. त्यांतली कुठली पुडी कुणाच्या वाढदिवसाची, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

आता परीक्षा. पाकिटातली चिमूटभर मेथी तळहातावर घ्या, अंगठ्याने चुरडा आणि हुंगा. जरासा कडवट, खमंग वास आला तर पुढे चला. नुसत्या गवताचा वास आला तर इथेच थांबा. या टप्प्यावर नवशिक्या हमखास म्हणतो, “मग दुप्पट घालू या.” शून्याची दुप्पट काय होते ते शाळेत शिकवलेलं असतं, पण कपाटातलं काही टाकून द्यायची वेळ आली की गणित आठवत नाही.

थोडी थिअरी. पाला वाळतो तेव्हा त्यातलं पाणी जातं आणि वासाची तेलं बरीचशी मागे राहतात. म्हणून तीन चमचे ताज्या पाल्याचं काम एक चमचा वाळका पाला करतो. पण ही तेलं मुळातच उडून जाणारी. उजेड, उष्णता आणि वर्षं यांच्यापुढे ती टिकत नाहीत. शिवाय प्रत्येक पाल्याला वाळणं मानवत नाही. पुदिना, ओरेगॅनो, तमालपत्र यांना मानवतं. कोथिंबीर वाळवली की हिरवा रंग हाती लागतो, कोथिंबीर लागत नाही.

मेथीचं मात्र वाळून भलं झालं. ही आपल्या जुडीतली मेथी नव्हे, तिची बारीक पानांची बहीण. नाव लाहोरजवळच्या कसूरचं. कसूर 1947 मध्ये पाकिस्तानात गेलं, नाव आपल्या पाकिटांवर राहिलं. आपल्याकडची बरीचशी कसुरी मेथी आता राजस्थानात, नागौरच्या बाजूला पिकते.

कृती. तवा मंद आचेवर गरम करा आणि गॅस बंद करा. हो, बंद. मग मेथी तव्यावर पसरा आणि बोटांनी हलवत राहा. पावसाळ्यात सादळून मऊ पडलेली पानं अर्ध्या-एक मिनिटात कुरकुरीत होतात. रंग बदलायची वाट बघू नका, तपकिरी झाली की ती कडू झाली. आता ती दोन्ही तळहातांमध्ये घेऊन खसाखसा चोळा. भुगा खाली पडतो, काड्या हातात राहतात. त्या काढून टाका, नाहीतर पाहुण्यांच्या दातांत निघतात आणि पाहुणे फार सभ्य असतील तर रात्रभर काही बोलत नाहीत. हिरवी पूड बांगड्यांच्या फटीत जाऊन बसते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पनीर माखनीचा वास येतोय असं कुणी म्हणालं तर तुमचं चोळणं बरोबर झालं असं समजा.

घालायची कधी? शेवटी. गॅस बंद करायच्या दोन मिनिटं आधी चमचाभर लोणी किंवा साय घाला, तिच्यावर हा भुगा टाका आणि झाकण ठेवा. वासाची तेलं पाण्यात फारशी उतरत नाहीत, स्निग्धात उतरतात. हे आपल्याला नव्याने सांगायला नको. हिंग-मोहरी पाण्यात टाकून फोडणी झाली असं म्हणणारी व्यक्ती अजून आपल्या घराण्यात जन्मलेली नाही. तरीही हीच माणसं टोस्टवर कोरडा ओरेगॅनो भुरभुरवतात आणि “काही विशेष लागत नाही” म्हणतात. तो आधी कोमट लोण्यात कालवा, दहा मिनिटं ठेवा आणि मग टोस्टला लावा.

प्रमाण. चार माणसांच्या भाजीला चोळलेला एक चमचा. “जास्त घातली तर जास्त छान” हा प्रयोग मी दाल माखनीवर करून बसलो आहे. वहिनीने एक घास घेतला आणि अतिशय मायेने विचारलं, “भाऊजी, काढा कशावरचा आहे?”

तमालपत्राचं सगळं उलटं. ते सुरुवातीला, अख्खं, गरम तेलात घालायचं. चिवट पान आहे, त्याला वेळ लागतो. पान उजेडात धरून बघा. देठापासून टोकाकडे तीन शिरा लांबलचक गेलेल्या दिसतील. हे दालचिनीच्या कुळातलं झाड, म्हणून वासही थोडा दालचिनी-लवंगेकडे झुकणारा. मधोमध एकच शीर असलेलं पान निघालं तर ते परदेशी बे लीफ, झाडच वेगळं. इटालियन सूपच्या कृतीत आपलं तमालपत्र घातलं तर सूपला पुलावाची स्वप्नं पडतात.

आता सगळ्यात मोठी चूक, जी सुगरणीही करतात. उकळत्या कढईवर बरणी उलटी धरून पाला भुरभुरवणे. वाफ थेट बरणीत शिरते, आतला पाला ओला होतो, गोळे धरतो आणि महिन्याभरात बुरसटतो. आधी हातावर घ्या. बरणी गॅसच्या शेजारी तर मुळीच ठेवू नका, दिसायला कितीही छान दिसली तरी.

आणि घरभर घमघमाट सुटला म्हणून खूश होऊ नका. घरभर सुटला म्हणजे भाजीतून सुटला. न्यूयॉर्कमध्ये 2005 पासून अधूनमधून शहरभर मेपल सिरपचा गोड वास पसरायचा, लोक घाबरून फोन करायचे. 2009 मध्ये छडा लागला. नदीपलीकडे न्यू जर्सीतल्या एका कारखान्यात मेथीदाण्यावर प्रक्रिया चालायची, त्याचा तो वास. एवढ्या मोठ्या शहराने मेथी हुंगली आणि ताटात चमचाभरही पडली नाही. तेव्हा झाकण ठेवा.

शेवटी साठवण. ताजं पाकीट लहानसंच आणा. घट्ट झाकणाच्या बरणीत भरून अंधाऱ्या कपाटात ठेवा, शक्य तर सहा महिन्यांत संपवा. बरणीवर चिठ्ठी लावून तारीख लिहा, वर्षासकट. नुसतं ‘मार्च’ लिहिलेली एक बरणी माझ्याकडे आहे.