प्रिंटरचा कायमचा पत्ता

सरकारी अर्जात दोन रकाने असतात: सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. ऑफिसातल्या सामाईक प्रिंटरची बहुतेक दुखणी या दोन रकान्यांच्या घोळातून उद्भवतात, असे आमचे नम्र प्रतिपादन आहे. पुरावा रोजचाच आहे. शुक्रवारी संध्याकाळी नीट छापणारा प्रिंटर सोमवारी सकाळी ‘ऑफलाइन’ होतो. कोणी काही केलेले नसते, आणि खरोखरच केलेले नसते. राउटर प्रिंटरच्या नेटवर्क कार्डाला पत्ता देतो तो भाडेपट्ट्याने. अनेक राउटरांत ही मुदत 24 तासांची असते. शनिवार-रविवार प्रिंटर बंद, पट्टा संपला, आणि जुना पत्ता साहेबांच्या नव्या मोबाइलला मिळाला. आता सगळे संगणक त्या मोबाइलला बिले छापायला सांगतात. मोबाइल दाद देत नाही.

म्हणून कृती अशी. केबल कार्डात ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत खोचावी. कार्डावरचा दिवा लागला नाही, तर पुढचे वाचू नये, केबल बदलावी. मग प्रिंटरच्या मेनूतून कॉन्फिगरेशन पेज छापावे. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर कार्डाला कोणी दारात उभे केलेले नाही. त्याने आपल्या मनानेच नंबर घेतला आहे. त्याच कागदावर बारा अंक-अक्षरांचा मॅक अ‍ॅड्रेस असतो. तो राउटरच्या डीएचसीपी (म्हणजे पत्तावाटप) रिझर्व्हेशनमध्ये भरावा, त्याच्यासमोर एक पत्ता राखून ठेवावा आणि प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा. त्यानंतर प्रत्येक संगणकावर त्याच राखीव पत्त्याचा टीसीपी/आयपी पोर्ट तयार करावा. पोर्ट क्रमांक सहसा 9100.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, अकाउंटंटच्या संगणकाला यूएसबीने जोडून शेअर करू. जरूर करा, मात्र अकाउंटंट रजेवर गेले की छपाईही रजेवर जाते. दुसरे म्हणतील, प्रिंटरच्याच पॅनेलवर पत्ता टाकून मोकळे होऊ. तेही चालेल, पण तो राउटरच्या वाटपाच्या टप्प्याबाहेरचा हवा. नाहीतर एकच फ्लॅट दोघांना विकल्यासारखे होते आणि दोघेही सामानासकट दारात भेटतात.

उरला तत्त्वाचा आक्षेप: सगळ्यांना भाड्याने, मग प्रिंटरचेच लाड का? याचे उत्तर इतिहासात आहे. 1973 मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली, तेव्हा अनेक संगणकांना एकच लेझर प्रिंटर वापरता यावा, ही त्यामागची एक मोठी गरज होती. म्हणजे प्रिंटर या वाड्यातला भाडेकरू नव्हे. त्याच्यासाठीच तर वाडा बांधला. मालकाला पट्ट्यावर ठेवणे शोभत नाही. तेव्हा कायमचा पत्ता मिळताच कॉन्फिगरेशन पेज पुन्हा छापावे आणि प्रिंटरच्या झाकणावर चिकटवावे. मालकाच्या दारावर पाटी असलेली बरी.