वायसरकाका

प्रत्येक सोसायटीत एक चेअरमन असतो, एक सेक्रेटरी असतो आणि एक वायसरकाका असतात. पहिल्या दोघांना हातापाया पडून उभं करावं लागतं. तिसरे आपोआप उगवतात. चेअरमन बदलतात, वॉचमन बदलतात, वायसरकाका तेच राहतात.

सुशिक्षित लोक वायसरला 'वॉशर' म्हणतात. पण दुकानात पुडीत असतो तो वॉशर. नळात बसून झिजतो तो वायसर. आमच्या काकांचा संबंध दुसऱ्याशी.

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेफ्लॉन टेपचं रिळ असतं. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येतं; स्वयंपाकघरातून हाका मारून मारून काकूंचा घसा बसतो. पण कुणाच्याही घरात शिरताना, चप्पल काढता काढताच ते मान तिरकी करतात आणि म्हणतात, "कुठंतरी टपटपतंय." यजमान म्हणतात, छे हो. मग काका दोन भिंती ओलांडून थेट गुन्हेगारापाशी जाऊन उभे राहतात.

आमच्या बेसिनचा नळ असाच पकडला गेला. "एकेक थेंब तर पडतोय, काका," असं मी म्हणालो. चूक झाली. रात्री दहाला काका स्वतःचं पातेलं घेऊन हजर. ते नळाखाली ठेवलं, वेळ वहीत टिपली, शुभ रात्री म्हणाले. सकाळी सहाला बेल. काकांच्या हातात दुधाचं लिटरचं माप. दात न घासलेल्या अवस्थेत मी माझ्याच नळाचा पंचनामा पाहिला: सात मापं भरली. "आठ तासांत सात लिटर. दिवसाचे एकवीस. वर्षाचे साडेसात हजारांच्या वर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर पाऊण टँकर तू एकेक थेंबाने गटारात सोडतोस."

मी प्लंबरला बोलावलं. त्याने नळाकडे, मग माझ्याकडे पाहून निदान केलं, "साहेब, अख्खा नळच बदलायला लागतोय." काका मागे उभेच होते. त्यांनी खालचा कॉक बंद केला, पान्ह्याने नळाचं डोकं उघडलं, आतली काळी, खड्डा पडलेली चकती काढून दातातली कीड दाखवावी तशी आम्हा दोघांना दाखवली. नवा वायसर त्यांच्याकडे होताच. तो सायकलच्या ट्यूबमधून कापलेला होता. नळ बंद झाला, टपटप थांबली. प्लंबरने मात्र येण्याजाण्याचे दोनशे घेतले. तो गेल्यावर काका म्हणाले, "बघ, यात सगळ्यात जास्त गळती कुठं झाली?"

नळ झाले की काकांचा मोर्चा फ्लशच्या टाकीकडे वळतो. जुनी टाकी एका खटक्याला दहा लिटर ओतते. नव्या दोन बटणांच्या टाकीला लहान कामाला तीन आणि मोठ्याला सहा पुरतात. ज्यांना टाकी बदलणं परवडत नाही त्यांच्यासाठी काकांचा उतारा म्हणजे पाण्याने भरून बूच घट्ट लावलेली लिटरची बाटली. ती टाकीत उभी ठेवायची. दर खटक्याला लिटर वाचतो. "वीट ठेवू नका. विटेचा चुरा होतो, तो खालच्या झडपेत अडकतो आणि मग टाकी दिवसभर गळत राहते." सोसायटीतल्या निम्म्या घरांत टाकीचं झाकण उचललं तर आत सरबताची बाटली भेटते.

टाकी आतल्या आत गळते का, याची परीक्षाही काकांकडे आहे. टाकीत खाण्याचा रंग टाकायचा, अर्धा तास खटक्याला हात लावायचा नाही. भांड्यात रंग उतरला तर झडप गेली. एकदा त्यांनी स्वतःच्याच घरी जिलेबीचा रंग टाकला आणि खाली पेपर आणायला गेले. तेवढ्यात त्यांचे मेहुणे बार्शीहून आले आणि प्रवासातून आलेला माणूस जिथं आधी जातो तिथं गेले. बाहेर आले ते पांढरेफटक पडून. कुणाला काही न सांगता त्यांनी दोन तांबे पाणी पिऊन टाकलं आणि "जरा काम आहे" म्हणून निघाले. संध्याकाळी लॅबचा रिपोर्ट घेऊन परतले. सगळं नॉर्मल होतं. "म्हणजे झडप माझीच गेलीय," काका समाधानाने म्हणाले.

काकूंची बाजूही ऐकली पाहिजे. तांदळाचं धुवण कुंड्यांना, फिल्टर फेकून देतो ते पाणी फरशीला, वॉशिंग मशीनचं शेवटचं पाणी बादल्यांत. काकू म्हणतात, "आमच्याकडे पाण्याला पेन्शन नाही. शेवटपर्यंत नोकरी."

आमच्या भागात अधूनमधून गुरुवारी देखभालीसाठी पाणी बंद ठेवतात. मग बुधवारी रात्री पिंपं, बादल्या, कळश्या, कुकरसुद्धा भरले जातात आणि शुक्रवारी 'ताजं पाणी आलं' की हे सगळं मोरीत ओतलं जातं. त्या सकाळी काका जिन्यात उभे असतात. "शिळं? हे पाणी जुलैत पडलं. पानशेतला, वरसगावला साठलं, तिथून खडकवासल्यात येऊन बसलं. आता मार्च आहे. आठ महिने धरणात ते शिळं झालं नाही आणि तुमच्या हंड्यात दीड दिवसात झालं? मग दोष पाण्याचा की हंड्याचा?" एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या आजी दारातून म्हणाल्या, "हंडा माझ्या सासूबाईंचा आहे." त्यानंतरचा वाद पाण्याचा राहिला नाही.

12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा काका दुसरीत होते. नदीकाठच्या पेठेतल्या त्यांच्या वाड्यात पुरुषभर पाणी शिरलं. पाणी ओसरलं तेव्हा खडकवासल्याचं धरणही फुटलेलं होतं, नळ कोरडे. एवढं पाणी बघितलेला माणूस थेंबाला का जपतो, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आदल्या दिवशी आजीचा पाट पाण्यावर तरंगत गेला आणि दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, घोटभरच पी. तेव्हापासून नळावर माझा विश्वास नाही."

मध्यंतरी मात्र काका खचले होते. पुतण्याच्या नव्या फ्लॅटवर गेले असताना सवयीने त्यांनी बेसिनचा नळ उघडून पाहिला. आत वायसरच नव्हता. पाव वळणात बंद होणारा नळ, पोटात सिरॅमिकच्या दोन चकत्या. चार दिवस काका कुणाच्या घरी गेले नाहीत. पाचव्या दिवशी ताजेतवाने होऊन आले. हातात नळाच्या तोंडाला बसवायच्या बारीक जाळ्या. "नळ गळत नसेल, पण सोडतो किती? मिनिटाला बारा लिटर. ही जाळी लाव, हवा मिसळून सहात तेवढंच वाटेल." माणूस सावरला.

जुलैत खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं, की काका छत्री घेऊन झेड ब्रिजवर जातात. गेल्या खेपेला मीही गेलो. खाली भिडे पूल बुडालेला, आणि काका कठड्याला टेकून लहान मुलासारखे खूष. वीस हजार क्युसेक्स, कुणीतरी म्हणालं. मला खोडी सुचली. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर. काका दिवसाला चाळीस लिटर वाचवतात असं धरून मी मोबाइलवर हिशेब केला. "काका, तुमची वीस वर्षांची बचत इथून अर्ध्या सेकंदात गेली."

काका कणीस खात राहिले. "हे पाणी उजनीला जातं. तिथं सोलापूरकर वाट बघतात. तू नळ उघडा ठेवतोस ते कुठं जातं?"

"गटारात."

"मग?"

"गटार नदीत. आणि नदी उजनीला."

कणीस थांबलं. मला वाटलं, जिंकलो.

"म्हणून तर म्हणतो," काका म्हणाले, "जेवढं कमी सांडशील, तेवढं आपल्या अंघोळीचं पाणी त्यांच्या वाट्याला कमी येईल."

घरी आलो तेव्हाही पाऊस कोसळत होता. गच्चीच्या पन्हळीतून धो धो धार लागली होती, पार्किंगमध्ये घोटाभर पाणी साचलं होतं. काकांनी जिन्यात छत्री मिटली, झटकायला बाहेर काढलेला माझा हात धरला आणि दोन्ही छत्र्या दारातल्या कुंडीवर निथळत लावल्या.