जाणकार पाव्हणा

चंद्रपुरात कुणाच्या घरी कॅथलिक लग्नाची पत्रिका आली, की ती देवापुढे ठेवण्याआधी जाणकारापुढे ठेवली जाते. असा माणूस वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, प्रत्येक वसाहतीत एक असतो, जिल्हा परिषदेच्या शाळेत एक असतो, आणि तिकडे गडचिरोलीत तर प्रत्येक पानठेल्यावर. कधीकाळी नागपुरात त्याने एक कॅथलिक लग्न शेवटच्या बाकावरून पाहिलेलं असतं. बाकीचं शिक्षण हिंदी सिनेमाने केलेलं. एवढ्या भांडवलावर तो अख्ख्या मोहल्ल्याचा सल्लागार होऊन बसतो. पत्रिका चष्म्याच्या काचेजवळ नेतो, मागून-पुढून पाहतो आणि निकाल देतो, "काही घाबराचं काम नाही. आपल्यासारखंच असते."

पहिली शंका बायकांची असते: मुहूर्त काय? पत्रिकेत नुसतं 'सकाळी १०.३०' छापलेलं. आमच्याकडे पत्रिकेवर ११ वाजून ४७ मिनिटं असा काटेकोर मुहूर्त असतो आणि नवरदेव तीन वाजेपर्यंत बँडपुढे नाचत असतो. जाणकाराने हाच हिशोब एकदा लावून पाहिला होता. साडेदहाचं लग्न म्हणून मंडळींना साडेबाराला नेलं, तर नवरा-नवरी केक कापून मोकळे झाले होते. तेव्हापासून तो दुसऱ्या टोकाला गेला आहे. आता तो नऊ वाजताच सगळ्यांना चर्चच्या फाटकाशी उभं करतो, आणि फुलं लावणारी पोरं त्यांनाच कॅटरिंगवाले समजतात.

चर्चमध्ये त्याचा नागपुरी अनुभव कमी पडतो, पण यात दोष त्याचा नाही, इतिहासाचा आहे. १९६२ साली हा भाग केरळच्या सिरो-मलबार चर्चकडे सोपवला गेला. केरळबाहेर त्यांना मिळालेला हा पहिलाच मिशन प्रदेश. १९७७ मध्ये त्याचा रीतसर धर्मप्रांत झाला. जिल्ह्याने 'चांदा' हे नाव टाकून चंद्रपूर घेतलं, धर्मप्रांताने मात्र चांदाच ठेवलं. कॅथीड्रल बल्लारपूरला, प्रेषित थॉमसच्या नावाचं. कोळसा खाणी, कागद कारखाना, दवाखाने, शाळा यांच्या निमित्ताने मल्याळी कुटुंबं इथे येऊन वसली. त्यांची पोरं आता घरात मल्याळम आणि चौकात 'काहून बे' बोलतात. तर लग्न कॅथलिकच, पण रीत नागपूरच्या लॅटिन चर्चपेक्षा वेगळी.

जाणकाराने बायकांना पांढरा गाऊन कबूल केलेला असतो. मागे लांब शेपटा, तो धरायला दोन पोरी, तोंडावर जाळी. नवरी येते ती मोतिया रंगाची, जरीची साडी नेसून. बायका त्याच्याकडे वळून पाहतात. तो छताकडे पाहतो.

तोवर त्याने दुसरा घोळ घालून ठेवलेला असतो. अशा ठिकाणी नवख्याने करायची गोष्ट एकच: मधल्या रांगेत बसायचं, पुढचे उठले की उठायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकले नाहीत तरी कुणी रागवत नाही. चपलांचंही तसंच, दाराशी पुढच्याच्या पायाकडे पाहून ठरवावं. पण पाहुण्याचा मान म्हणून जाणकार सगळ्यांना घेऊन पहिल्याच बाकावर बसतो. आता पुढे पाहायला फक्त फादर. फादर हात वर करतात, आमची रांग हात वर करते.

शिवाय प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. आमचा धानाचा मुलूख, तांदळाला कमी नाही. हळद-कुंकू लावून, पुड्या बांधून तो आणतो आणि दारातच वाटतो. 'सावधान' ऐकू आलं की टाकायच्या. प्रार्थना सुरू होतात, मल्याळम गाणी होतात, बायबलमधलं वाचन होतं, फादर संसारावर चांगलं दहा-पंधरा मिनिटं बोलतात. सावधान काही येत नाही. पंख्याखालीही मुठी घामेजतात आणि कुंकवाचा रंग मनगटापर्यंत उतरतो.

मग जाणकार रांगेकडे वळून दबक्या आवाजात बजावतो, "आता फादर इचारन, या लग्नाले कोणाची हरकत हाय का म्हून. कोणी खोकलू नका!" अख्खी रांग श्वास धरून बसते. एका आजोबांना जन्माचा दमा, त्यांचे डोळे पांढरे व्हायची वेळ येते. फादर असलं काही विचारत नाहीत. तो सवाल सिनेमातला. इथे त्याची चौकशी आधीच उरकलेली असते. दोघांच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेत नावं जाहीर होतात, ज्याला हरकत असेल त्याने तेव्हा बोलायचं. बाप्तिस्म्याचे दाखले तपासले जातात, वधूवरांना लग्नाआधीच्या शिबिरात बसवतात. आमच्याकडे साक्षगंधाला दोन तास लागत नाहीत, आणि तेवढ्यावर आम्ही जन्मभराचं ठरवून मोकळे होतो.

आणि मग त्याचा क्षण येतो. दोघं होकार देतात आणि नवरदेव नवरीच्या गळ्यात काहीतरी बांधू लागतो. त्याला मिन्नू म्हणतात. पिंपळपानासारखं इवलंसं सोन्याचं पान, त्यावर सोन्याच्या मण्यांचा क्रूस. तो ओवलेला दोरा वळलेला असतो नवरीसाठी आणलेल्या मंत्रकोडीच्या धाग्यांचा. मंत्रकोडी म्हणजे नवऱ्याकडची रेशमी साडी. नवरदेव ती नवरीच्या डोक्यावरून पांघरवतो आणि नंतर स्वागताला नवरी तीच नेसून येते. पहिल्या बाकावर खळबळ उडते. मंगळसूत्र! शालू! जाणकार काही बोलत नाही, फक्त रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश पाहतो. मला विचाराल तर इतका निर्भेळ आनंद नवरदेवाच्या चेहऱ्यावरही नव्हता.

इथेच थांबला असता तर बरं होतं. पण लोक रांगेने वेदीकडे निघतात. "प्रसाद हाय, चला!" म्हणून तो आमच्या चौदा जणांना घेऊन निघतो. इथे मात्र त्याचं 'आपल्यासारखं' चालत नाही. आपला प्रसाद चालत्या वाटसरूलाही हाक मारून देतात; हा ख्रिस्तप्रसाद म्हणजे त्यांच्या श्रद्धेने साक्षात ख्रिस्ताचं शरीर. तो तयारीनिशी आलेल्या कॅथलिकांनीच घ्यायचा. इतरांनी जागेवर शांत बसावं, त्यात मानापमान काही नाही. एक सिस्टर हळूच येऊन हे कानात सांगते. जाणकार परत फिरतो, पण हार कसली मानतो? बाकावर येऊन सांगतो, "उपाशी पोटानं घ्या लागते. तुमी सकाळी आलुबोंडे खाल्ले." गंमत म्हणजे यात थोडं तथ्य आहे. घेणाऱ्याने आधी तासभर काही खाऊ नये असा त्यांचा नियम आहेच. आलुबोंडे विनाकारण बदनाम झाले, एवढंच.

बाहेर पायऱ्यांवर जोडप्यावर पाकळ्या पडतात, त्यात आमचा ओला लाल तांदूळ गोळ्यागोळ्याने पडतो. फोटोग्राफर कॅमेरा पुसतो.

पुरुष मंडळी मात्र अजून आशेवर असतात, कारण जाणकाराने त्यांना डोळा मारून ठेवलेला असतो: "तिकडं सोय असते." गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ बाटली दिसली की पंचनामा. वेदीवर विधीपुरती जी वाइन लागते तिची कायद्याने वेगळी व्यवस्था केलेली आहे, पण ती व्यवस्था फादरांसाठी, वऱ्हाड्यांसाठी नव्हे. गडचिरोलीकडच्या लग्नात पेले उंचावले जातात ते द्राक्षाच्या सरबताचे. जाणकार एक घोट घेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "हळू चढते." त्यावर विश्वास ठेवून एक भाऊजी सहा पेले पितात आणि दुपारभर मोरीचा पत्ता विचारत फिरतात.

जेवणाबद्दल काय सांगावं? बिर्याणी होती, मच्छीचं कालवण होतं, शाकाहाऱ्यांचं टेबल वेगळं. आलू-वांग्याची भाजी नव्हती, आणि तिच्याविना लग्न लागलं हे आमच्या आत्याबाई अजून मान्य करत नाहीत.

सगळं उरकल्यावर जाणकार अस्वस्थ दिसू लागतो. मांडवात वही घेऊन आहेर लिहिणारा माणूसच नाही. लोक स्टेजवर जातात, पाकीट नवरदेवाच्या हातात देतात, फोटो काढतात, उतरतात. "लिहून नाही ठेवलं, तर हे लोक आहेर परत कसा करतीन?" हा प्रश्न त्याला खराच छळतो. शेवटी तो शाळकरी पोराच्या दप्तरातून वही काढतो, स्टेजच्या पायथ्याशी खुर्ची-टेबल मांडतो, वर 'श्री' लिहितो, थोडा विचार करतो, शेजारी एक क्रूस काढतो. पाच मिनिटांत त्याच्यापुढे रांग लागते. आमचे लोक तर येतातच. पण कोट्टयमहून आलेले नवरदेवाचे मामाही, इथली पद्धत असेल म्हणून, मुकाट्याने रांगेत उभे राहतात आणि आपली पाळी आल्यावर पाकीट पुढे करतात. जाणकार मान वर न करता विचारतो, "गाव?"